राबावरचा बोगदा

राबाची जागा कुणी कुणाला देत नाही. कर्जत तालुक्यात भात लावणाऱ्या घरात जन्मलेल्या पोरीला हे शिकवावं लागत नाही. भाताची रोपं जिथं तयार करायची, तो तुकडा उन्हाळ्यात शेण, टाहाळ म्हणजे छाटलेल्या फांद्या, पाला, गवत असे थर देऊन, वर माती पसरून भाजतात. तण मरतं, माती पिठासारखी मऊ होते. तो राब. आमचा राब विहिरीला लागून, बांधाच्या आडोशाला, आजा-पणज्यापासून एकाच ठिकाणी भाजलेला. शेतातला सगळ्यात गुणी तुकडा. तो माझ्या धाकट्या भावानं मला आपणहून दिला आणि मी घेतला. "मग तू राब कुठं भाजणार रं?" एवढं एक विचारायचं मला सुचलं नाही.

मी खालापुराकडं दिलेली. माहेर कडावच्या पुढं, रस्त्यापासून बरंच आत. जन्म गेला एसटीत कंडक्टरकी करण्यात. माणूस पायरी चढला की हा तिकीट काढणार की झोपेचं सोंग घेणार, हे मला चेहऱ्यावरून कळायचं, आणि त्याचा मला ताठाही होता. शेवटी गुडघ्यांनी असहकार पुकारला आणि मी वेळेआधीच घरी बसले. बसले म्हणजे काय, नवऱ्याच्या डोक्यावर बसले. गॅलरीतल्या कुंड्यांत मिरच्या लावून लावून किती लावणार? एके दिवशी नवराच म्हणाला, "तुला गॅलरी नाही, शेत पाहिजे."

शेत होतं, पण ते भावाचं. वडील गेले तेव्हा मी हक्कसोड करून दिलं होतं, कुणी मागायच्या आत, हसत हसत. बहिणीनं वाटा मागू नये, माहेर राखावं, असं आमच्याकडं मानतात. मीही मानलं, आणि त्याचा मला आजही पस्तावा नाही. पण त्या सहीनंतर त्या जमिनीवर माझं जे काही होतं, ते भावाच्या तोंडच्या शब्दापुरतं. तो "ये ताय" म्हणाला तर माझं, नाहीतर मी रस्त्यानं जाणारी बाई. हे मला पक्कं माहीत होतं. म्हणून त्याचा शब्द मी जपायचे, आणि तोही जपतो असं धरून चालायचे.

पावसाळ्यात कोथिंबीर सडते. आमच्याकडचा पाऊस तिला उभी राहू देत नाही, म्हणून बाजारात तिचा भाव गगनाला भिडतो. वर प्लास्टिकचं छप्पर असेल तर मात्र ती येते, हे मी खालापुराच्या अंगाला एका फुलवाल्याच्या शेतात पाहिलं होतं. त्याचं पॉलिहाउस म्हणजे लाखांचा खेळ. आपल्याला ऐपतीतलं पाहिजे होतं. संक्रांतीला तिळगूळ द्यायला गेले तेव्हा मी भावाकडं विषय काढला. एवढासा कोपरा दे, पाइप वाकवून प्लास्टिकचं छप्पर करते, म्हटलं. तो तेव्हा नुसता हसला.

शिमग्याच्या सुमारास त्याचाच फोन. "ताय, राबाची जागा घे. तिथली माती तुला कुठं मिळणार नाय."

मला काय वाटलं ते लिहायलाच हवं. मला रडू आलं. नवऱ्याला मी चार वेळा सांगितलं, की बघा, भावानं राबाची जागा दिली. तो बिचारा डोंबिवलीत वाढलेला, त्याला त्यातलं काय कळणार? "बरं झालं," म्हणाला आणि पेपर वाचायला लागला.

बोगदा आम्ही दोघांनी उभा केला. गावातल्यांनी त्याला पहिल्या दिवसापासून बोगदाच म्हटलं. घाटातल्या रेल्वेच्या बोगद्यांकडं पाहात वाढलेली माणसं, दुसरं काय म्हणणार? बांधावरून जाणारा प्रत्येक जण विचारायचा, "ताय, गाडी कवा सुटणार?" मी म्हणायचे, "तिकीट काढ आधी."

काम तसं सोपं, पण चुकलं की फजिती. स्लॅबाच्या उरलेल्या सळईचे गुडघ्याएवढे तुकडे करून घेतले. समोरासमोर दोन ओळींत ते अर्धे जमिनीत ठोकले, अर्धे वर ठेवले. मग पाण्याचा पांढरा पाइप. त्याचं एक टोक भावानं एका सळईवर चढवायचं, दुसरं मी ओढून वाकवून समोरच्या सळईवर बसवायचं. पाइप हातातून सुटला की असा फटका मारायचा की दात वाजावेत. कमानी उभ्या राहिल्यावर त्यांच्या माथ्यावर आडवा बांबू बांधला, नाहीतर सगळ्या कमानी पत्त्यांसारख्या एका बाजूला झोपतात. उन्हात पाइप तापतो आणि त्याला लागलेलं प्लास्टिक तिथंच चिरतं, म्हणून पाइपांवर कापडाच्या पट्ट्या गुंडाळायच्या. त्यासाठी मी माझा खाकी ड्रेस फाडला. भाऊ म्हणाला, "अगं, सरकारी माल हाय तो." मी म्हटलं, "मीपण सरकारी मालच व्हते. मला कुठं ठेवली?"

प्लास्टिकला सगळे पेपरच म्हणतात. तो पेपर भावानंच कुठूनतरी आणला. "एकानं पॉलिहाउसचा पेपर बदलला, जुना टाकून देत व्हता." जुना म्हणजे फार जुना नव्हता. कुठं कुठं टाके होते, तेवढ्यावर चिकटपट्टी लावली. एवढा चांगला पेपर कोण टाकून देतं, असं वाटलं खरं. पण फुकटच्या गाईचे दात मोजायचे नसतात, म्हणून गप्प बसले.

बांधणीत खरी मेहनत होती ती जखडण्याची. आमच्याकडं वळवाच्या आधी घाटावरून वारा सुटतो, तो पत्रे उडवतो. भाऊ म्हणाला, "वारा वरनं काय करत नाय. खालनं शिरतो. एकदा खालनं शिरला की तुझ्या बोगद्याची पतंग झाली." म्हणून दोन्ही बाजूंना लांबच लांब चर खणला. पेपराच्या कडा त्यात सोडल्या, ऊन चढून पेपर जरा सैल पडेपर्यंत थांबलो, मग ताणून धरला आणि वर माती लोटून धुम्मसानं चोपली. मी ताणून धरायचे, तो चोपायचा. बोगद्याचं तोंड वाऱ्याच्या दिशेला, म्हणजे वाऱ्याला अंगावर घ्यायला कमी जागा. वरून नायलॉनची दोरी नागमोडी टाकली आणि बाहेरच्या अंगाला कलत्या ठोकलेल्या खुंट्यांना बांधली. कडांवर मातीनं भरलेल्या गोणी ठेवल्या. भाऊ घामानं निथळत होता. बांधताना प्रत्येक गाठ स्वतः ओढून बघायचा आणि म्हणायचा, "आता तू म्हातारी झालीस तरी हा हलायचा नाय."

मला त्याचं हे वाक्य इतकं आवडलं होतं की घरी जाताना गाडीत मी ते पुन्हा पुन्हा आठवत होते.

चैत्रात आजूबाजूला राब भाजायला लागले. सकाळी वारा पडलेला असताना पेटवतात, आणि मग दिवसभर धुराच्या रेघा शेताशेतातून वर जात असतात. आमच्या शेतात धूर नव्हता. मी मिरचीचं बी टाकत होते, भाऊ पाणी सोडत होता. तेव्हा कुठं माझ्या तोंडून निघालं, "आपला राब रं?"

"यंदा नाय भाजत. गादीवाफं करनार. आता समदे तेच सांगतात, धूर कशाला करायचा."

मला त्याचं कौतुक वाटलं. माझ्यासाठी जागा दिली, स्वतः नवी रीत शिकतोय. गादीवाफे कुठं करणार, ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तो खोटं बोलला असता. ते मी ओळखलं असतं का? लाखभर माणसांचे चेहरे वाचलेली मी, पण भावाच्या चेहऱ्याकडं कधी त्या नजरेनं बघितलंच नव्हतं.

मग एक दिवस दुपारी वारा आला. आकाश घाटाकडून पिवळं पडलं, धुळीची भिंत शेतातून चालत आली, भावजय घरातून ओरडायला लागली. पेपर फडफडला, फुगला, आणि विहिरीकडच्या बाजूच्या दोन खुंट्या उखडून दोरीसकट नाचायला लागल्या. माती खचत होती. भाऊ पळत आला आणि त्या कडेवर सरळ पालथा पडला, हातपाय पसरून. दुसऱ्या कडेवर मी बसले. एवढी वर्षं खाल्लेलं त्या दिवशी कामी आलं. गारा नव्हत्या, पाऊस चार थेंब, पण वारा असा की डोळे उघडता येईनात. मी ओरडत होते, "सोड रं, जाऊ दे, पेपरच तर हाय!" तो सोडत नव्हता.

वारा गेला. बोगदा उभा होता. भाऊ उठला तेव्हा त्याच्या तोंडावर फक्त दात पांढरे दिसत होते. "बघ, हलला काय?" म्हणाला. मी त्याचं तोंड माझ्या पदरानं पुसलं. त्या क्षणी मला वाटलं, वाटा सोडला ते बरं केलं. वाटा घेतला असता तर शेताचा तुकडा मिळाला असता. असा भाऊ मिळाला नसता.

वैशाखात सगळं शिवार तपकिरी, आणि मध्ये आमचा बोगदा हिरवागार. वर हिरवी नेट टाकली होती, बाजू गुंडाळून वर केल्या होत्या. आत मिरची, वांगी, झेंडू, आणि कडेला पावसाळ्यासाठी कोथिंबिरीचे वाफे तयार. भावालाही उत्साह चढला होता. त्यानं बांधाचं गवत काढलं, विहिरीचा कठडा लिंपला, आणि एकदा मी गेले तर बांधाच्या दगडांना चुना फासत बसला होता. मी म्हटलं, "शेताचं लगीन काढलंस काय?" तो हसला. भावजय हसली नाही. ती आत निघून गेली, तेव्हा मला वाटलं, हिचं काहीतरी बिनसलंय.

त्या आठवड्यात त्याचा फोन आला. "ताय, रविवारी येऊ नको. ऊन लय हाय, तुझे गुडघे दुखतात. मी घालीन पानी." भाऊ असावा तर असा, असं मी शेजारणीलाही ऐकवलं.

पण शुक्रवारी निघता निघता मी मिरचीच्या वाफ्यात काही रोपं मुळाशी सडून आडवी झालेली पाहिली होती. हा रोग दोन-तीन दिवसांत वाफा खातो. शनिवारी कशीबशी कळ काढली. रविवारी सकाळी नवऱ्याला चहासुद्धा न देता मी पहिली गाडी पकडली.

चपला बाहेर काढून आत शिरले. बोगद्याच्या तोंडाला पडदा म्हणून जुनी चादर लावली होती, ती सोडली आणि वाफ्याजवळ उकिडवी बसून सडकी रोपं उपटायला लागले. डोक्याला टॉवेल, पदर खोचलेला, हात मातीत. थोड्या वेळानं भावानं चादर वर केली. मला पाहून त्याचं तोंड उतरलं.

"तू कशाला आलीस आज?"

"रोपं मरतायत. राख आण जरा चुलीतली."

तेवढ्यात बांधाशी गाडीचा हॉर्न वाजला. भावानं चादर सोडली आणि गेला. राख आणली नाही.

नंतर चार-पाच माणसांचे पाय वाजले. एक आवाज सराईत होता, गोड, न थांबणारा. मोठ्या स्टँडवर ट्रॅव्हल्सवाले माणसं खेचायला असाच आवाज लावतात. "साहेब, पाणी बारमाही. रस्ता होतोच आहे. आणि हे बघा, शेती चालू आहे. ओसाड जमीन नाही दाखवत तुम्हाला. राहायला या, भाजी तोडा, खा." दुसरा कुणीतरी विचारत होता, कंपाउंड कुठून येईल, बंगल्याचं तोंड कुठं करता येईल. भाऊ "व्हय साहेब, व्हय साहेब" करत होता.

मी मिरचीचं रोप हातात धरून बसले होते. डोक्यात प्रकाश वगैरे काही पडला नाही. फक्त एक साधी गोष्ट कळली. राबाची जागा देतो कोण? ज्याला यंदा भातच लावायचं नाही तो.

चादर बाजूला झाली. चांगल्या घरची, हसऱ्या चेहऱ्याची एक बाई वाकून आत आली. "अय्या, किती सुंदर! किती गार वाटतं बघून! हे सगळं कोण करतं?"

तिच्या मागं भाऊ होता. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही, वाफ्याकडं बघितलं.

"बाय ठेवलीय कामाला," म्हणाला.

मी उभी राहिले. गुडघ्यांमुळे मला झटकन उठता येत नाही, बांबूला धरून उठावं लागतं. तेवढा वेळ त्याला होता. तेवढ्या वेळात तो काहीही बोलू शकला असता. मी पुरती उभी राहीपर्यंत वाट पाहिली आणि मग बोलले, माझ्या कंडक्टरच्या आवाजात, मागच्या शिटापर्यंत जाईल अशा.

"मी बहीण हाय ह्याची. सख्खी बहीण."

बाहेरून साहेबांनी त्या गोड आवाजाच्या एजंटाकडं बघितलं. शेतात बहीण दिसली की घेणारे बिचकतात, उद्या ही हिस्सा मागेल म्हणून, हे मला पुढं कळलं. एजंट मात्र जराही गडबडला नाही. तोंडभर हसला. "हो हो, बहीणच! गावाकडं असंच असतं मॅडम. कामाचं माणूससुद्धा घरचंच मानतात. बहिणीसारखीच आहे ती."

आणि मग सगळ्यांनी भावाकडं पाहिलं. मीही पाहिलं. त्यानं हात वर करून माथ्यावरच्या बांबूची दोरी चाचपली, जरा ओढून घट्ट केली.

"हां," म्हणाला. "बहिणीसारखीच हाय."

ती हसरी बाई माझ्या दंडाला हात लावून म्हणाली, "मग मावशी, आम्ही आल्यावरही याल ना हो?" तिची काही चूक नव्हती. मी तिचा हात झटकला नाही. चपला पायात सरकवल्या आणि बांधावरून चालायला लागले. चुना लावलेले दगड उन्हात डोळ्यांना टोचत होते.

भावजय रस्त्यापर्यंत मागं धावत आली. रडत होती. तिनं सगळं सांगितलं, मी न विचारता. एजंट पौषातच आला होता. उन्हाळ्यात घेणाऱ्या पार्टीला हिरवं दाखवावं लागतं, नाहीतर जमीन पडीक वाटते, हे त्याचंच म्हणणं. पेपरही त्यानंच दिलेला. ह्यांना बदलापुरात फ्लॅट घ्यायचाय, पोरीचं कॉलेज तिकडं, ह्यांची कंबरही आता चिखलात वाकत नाय. "मी म्हनलं व्हतं, तायला सांगा. ते म्हनले, सांगितलं तर ती येनार नाय, आनि तिच्यावानी निगा कोन राखनार?"

भरवशाच्या म्हशीला टोणगा, म्हणतात. इथं म्हशीनं टोणगा दिला नव्हता, म्हशीनं मला गोठ्यात बांधून दूध काढून घेतलं होतं. जमीन त्याची होती. त्यानं ती विकावी, फ्लॅट घ्यावा, सुखात राहावं. माझ्याकडं येऊन "ताय, चार महिने शेत हिरवं दिसायला पाहिजे, करशील काय?" असं म्हणाला असता, तरी मी केलं असतं. खरंच केलं असतं. त्यानं मला विचारलं नाही, मला वापरलं. त्या वाऱ्यात तो पालथा पडला होता तो माझ्यासाठी की रविवारच्या पार्टीसाठी, हा हिशेब मला अजून सुटत नाही, आणि त्याला विचारायचं धाडस नाही.

व्यवहार झाला. कोथिंबीर पेरलीच नाही. रोपांचं काय झालं, मी विचारलं नाही. बोगदा काही दिवस तसाच उभा होता म्हणे, नंतर बंगल्याच्या पायासाठी काढला. काढताना कडा निघेनात, पेपर कापावा लागला.

दिवाळीत भाऊबीजेला तो खालापूरला आला. दरवर्षी मी जायचे, ह्या वर्षी तो आला. हातात साडीची पिशवी, नवा शर्ट, तोंड पाडलेलं. न सांगता पाटावर बसला आणि डोक्यावर रुमाल घेतला. नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं. मी उगाच स्वयंपाकघरात जाऊन वाटी शोधत राहिले. मग तबक घेऊन आले. त्याच्या कपाळाला लावलेलं कुंकू जास्त झालं आणि नाकावर ओघळलं. मी ओवाळलं, त्यानं साडीची पिशवी तबकाशेजारी ठेवली.

तो गेल्यावर नवरा म्हणाला, "तुझ्या जागी मी असतो तर दारातून परत धाडला असता."

भावासारखा कुणी असता तर मीही धाडला असता. पण हा भाऊच आहे.